निळी पेन्सिल

बारामतीच्या एस.टी. स्टँडामागं एका गाळ्यात आमची दोन दुकानं. पुढच्या अर्ध्यात मी, सोनबा फ्रेमवाला. मागच्या अर्ध्यात राजमहंमदभाई, काळ्या-पांढऱ्या फोटोत रंग भरणारा. माणूस गेलं की घरची मंडळी बारकासा फोटो घेऊन यायची. भाई तो मोठा करून आणायचा, रंगीत पेन्सिलीनं रंगवायचा, अन् मी काच लावायचो. लोकांच्या घरी सुतक, तवा आमच्या घरी चूल. नाकं मुरडू नका, धंदाच तसला.

भाईएवढा हट्टी माणूस मी जल्मात बघितला न्हाय. नवी पेन्सिल आणली की चार लोक लगेच वापरत्याल. ह्यो बाबा न्हाय! आधी कागदाच्या पट्टीवर घासायची, अर्ध्या पट्टीवर पुठ्ठा बांधायचा, अन् ती पट्टी उन्हाळाभर खिडकीत टांगायची. जेष्ठात पुठ्ठा सोडायचा. झाकलेला रंग अन् उघडा रंग सारखाच निघाला तर पेन्सिल पास. मी शिव्या घालायचो. त्यो म्हणायचा, "सोनबा, माणूस एकदा गेलाय. भिंतीवरनं परत जाऊ द्यायचा व्हय?"

सत्त्याण्णव साली त्याची जुनी निळी संपली. कंपनीनं ती काढायचीच बंद केली. बाकीच्या रंगांचे तुकडे होते, निळीच अडली. मग चार कंपन्यांच्या चार निळ्या पुण्याहून आणून त्यानं खिडकीत टांगल्या. पाडवा नुकताच झाला होता.

त्याच आठवड्यात अक्काबाई आली. नरसिंहपूरच्या अंगाची, इंदापुरात गाडी बदलून आलेली. पिशवीतनं तिनं कॉलेजचं ओळखपत्र काढलं. तिचा पोरगा बुद्धभूषण. भीमेत पोहायला गेला तो गेलाच. त्याचा दुसरा फोटोच न्हवता.

"शर्ट निळा करा भाई," ती म्हणाली. "गेल्या जयंतीला मीच शिवून घेतला हुता. लई खुलायचा त्याला."

"मावशी, निळी पेन्सिल अजून उन्हात हाय. जेष्ठ सरला की या."

"तवर कुठं ओ? डोळ्यापुढं धूर आल्यावानी झालंय. दिसतंय तवर बघू द्या की मला. उडंना का रंग!"

"मोतीबिंदू असंल," मी मधीच तोंड घातलं. "ऑपरेशन करा, लख्ख दिसंल. घाई कशापायी?" गिऱ्हाइकाला घाई असतीच, असं माझं आपलं गणित. माझी जीभ तवाच झडली असती तर बरं झालं असतं.

भाई म्हणाला, "उडणारा रंग मी तुमच्या पोराला लावणार न्हाय. पन्नास वर्सं टिकंल असा लावतो." ती उठून गेली.

वैशाखात परत आली. "त्यातली कंचीबी चालंल," म्हणाली. भाईनं हात जोडले अन् चहा मागवला. तिनं कपाला हात घातला, तो कपाच्या बाजूलाच पडला. मी बघितलं. भाईची पाठ होती, त्याला दिसलं न्हाय. मीबी बोललो न्हाय.

जेष्ठात पुठ्ठे सुटले. तीन निळ्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या, चौथी जशीच्या तशी. भाई नाचायचाच बाकी राहिला. आठ दिवस खपून त्यानं फोटो रंगवला, शर्टाच्या बटणासकट. आईशप्पत, पोरगं आता बोलतंय का मग बोलतंय असं वाटायचं.

आषाढात अक्काबाई आली ती लेकीचा, प्रियदर्शनीचा, हात धरून. भाईनं हरखून फ्रेम तिच्या हातात दिली. तिनं आधी ती छातीशी धरली, मग लांब करून बघाय लागली. फ्रेमच्या पाठीचा माझा हार्डबोर्ड तिच्याकडं अन् पोरगं आमच्याकडं.

"लई झ्याक," ती म्हणाली. "शर्ट अगदी तसाच केलाय बगा."

प्रियदर्शनीनं तोंडाला पदर लावला. "काचबिंदू हाय," ती हळूच म्हणाली. "गेलेली नजर आता येत न्हाय म्हणत्यात."

भाईनं फ्रेम फिरवून परत तिच्या हातात दिली. "उलटी हुती व्हय?" अक्काबाई म्हणाली. काचेवरनं तिनं हात फिरवला. "शर्ट कुठं हाय ओ?" भाईनं तिचं बोट धरून शर्टावर ठेवलं. मी फ्रेमा पुसायच्या निमित्तानं बाहेर जाऊन रडलो.

त्या दिवसानंतर भाईनं पेन्सिल धरली न्हाय. खिडकीला पत्रा ठोकला. पोटापाण्याला सोमेश्वरनगरला जावयाच्या दुकानात बसाय लागला, तिथंच गेल्या साली वारला.

परवा नरसिंहपूरला गेलो होतो, पाय आपोआप अक्काबाईच्या दारात वळले. दारासमोरच्याच भिंतीवर फोटो होता. दिवसभर ऊन त्याच्यावरच. हाक मारली, तसा माझा आवाज तिनं वळखला.

"सोनबा, उडला का ओ रंग?"

मी जवळ जाऊन बघितलं. "न्हाय अक्का. एवढासाबी न्हाय."

"उडंना का, म्हणलं हुतं की मी," ती म्हणाली.