वाळूतली अंडी आणि माझी ठिबक

मी धुळ्याच्या देवपुरातली. लग्न होऊन फैजपूरकडच्या एका तापीकाठच्या गावात आले तेव्हा मला केळीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पंचवीस वर्षांत इतकं शिकले की आता शिकायचं काही उरलंच नाही, असा माझा समज झाला. त्या समजाने मला कशी तोंडावर पाडली ते सांगते.

आमच्या भाऊबंदकीतली बाग संपते तिथे नदीच्या अंगाला वाळूचा एक पट्टा आहे. तो आबांचा, म्हणजे माझ्या चुलतसासऱ्यांचा. दिवाळीच्या आसपास तापीतली मऊ पाठीची मोठी कासवं तिथे वर येतात. मागच्या पायांनी खड्डा करतात, अंडी घालून वाळू ओढतात आणि सरळ नदीत निघून जातात. पुढे सात-आठ महिने त्या अंड्यांना वाली नसतो. कुत्री उकरतात, कोल्हे उकरतात, माणसंही उकरायची. आबांनी स्वतः तरुणपणी टोपलीभर उकरून खाल्ली आहेत, आणि हे सांगायला त्यांना मुळीच लाज वाटत नाही.

मागच्या वर्षी वनखात्यातली एक मुलगी आमच्या बचत गटात येऊन बसली. वयाने माझ्या लेकीएवढी, पण बोलणं असं की आम्ही पापड लाटायचं थांबवून ऐकत राहिलो. आपल्या नदीत कासवं कमी होत चालली आहेत, ती अंडी घालतात ती जागा तुमच्या पायाशी आहे, तुम्हीच राखली तर राहील, एवढंच तिचं म्हणणं. आम्ही नऊ जणी तयार झालो. अडचण एकच होती. आबांना तो पट्टा मशीन लावून सपाट करायचा होता, गाळाची माती टाकून तिथेही केळी लावायची होती.

आम्ही नऊही जणी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. आबांनी सगळं ऐकलं, पान जुळवलं, खाल्लं, मग म्हणाले, "एक वरीस देतो. पिल्लं निघाली तर पाहू. नाही निघाली तर पाऊस सरल्यावर मशीन लावतो. मंग माह्या ओट्यावर येऊ नका."

एक वर्ष तर एक वर्ष. आम्हाला अंड्यांच्या तीन जागा सापडल्या. बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं, वर मासेमारीचं जुनं जाळं ताणलं आणि दिवसाच्या पाळ्या लावल्या. वनखात्याच्या मुलीने बजावलं होतं की अंडी हलवायची नाहीत, फिरवायची नाहीत, हात लावायचा नाही. पाण्याचं ती काही बोलली नव्हती. तिच्या डोक्यात तरी कसं येणार? ती काही केळीवाल्यांच्या घरातली नव्हती.

वैशाख आला. आमच्याकडचा वैशाख म्हणजे सकाळी नऊलाच दाराची कडी हाताला चटका देते. मी पाळीला जायची आणि त्या वाळूकडे बघून माझा जीव तुटायचा. आत अंडी उकडून निघत असतील! केळीला या दिवसांत एक दिवस पाणी चुकलं तर झाड मान टाकतं. आमच्या गावात माणूस आजारी पडला तरी आधी व्हॉल्व्ह सोडून येतो, मग दवाखान्यात जातो. जमिनीत जे आहे त्याला पाणी पाहिजे, याच्या पलीकडे आमची अक्कल जात नाही. मी बागेतली ठिबकची एक नळी ओढून आणली, सगळ्यात मोठ्या जागेवर गोल अंथरली, वर ओलं गोणपाट टाकलं. कोणाला विचारलं नाही. उलट मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. बारा-तेरा दिवस रोज पाणी दिलं. पाळीला येणाऱ्या बाकीच्या जणीही केळीवाल्याच, त्यांनाही त्यात वावगं दिसलं नाही.

त्या दिवशी अकराच्या सुमारास गोणपाट उचललं तर खालची वाळू हलत होती. मी घाबरले की माझ्या तोंडी माहेरची अहिराणी येते. "हाई काय शे वं माय," म्हणत मी खाली वाकले, तर वाळूतून एक टोकदार नाक वर आलं. मग मान. मग पुरीएवढी चपटी पाठ, आणि त्या पाठीवर डोळ्यांसारखे चार गोल ठिपके, कोणीतरी बसून रंगवल्यासारखे. एक निघालं, दुसरं निघालं, मग मोजायची सोय राहिली नाही. आनंदाने मला रडूच फुटलं.

तो आनंद दोन मिनिटं टिकला. पहिलं पिल्लू ओल्या वाळूतून कोरड्या वाळूत गेलं आणि चार पावलांवर थांबलं. हललंच नाही. उचललं तर पोट तव्यासारखं गरम. नदी उन्हाळ्याने आटून पार लांब गेली होती, मधे दीडशे पावलं तापलेली वाळू. मी वनखात्याच्या मुलीला फोन लावला. तिने पहिलंच विचारलं, "ताई, तुम्ही पाणी दिलं का?" तिने सांगितलं की पिल्लं तयार होऊन आत पडून राहतात, वरून ओल आली की पाऊस आला समजतात आणि निघतात. माझ्या तोंडचं पाणी पळालं. नदी भरायच्या आधी, ऐन वैशाखात, मी त्यांना खोटा पाऊस पाडून बाहेर बोलावलं होतं! अति शहाणा, त्याचा बैल रिकामा म्हणतात, ती मीच.

ती म्हणाली, मी निघाले, पण तास लागेल. तोवर वाळू ओली करा, सावली करा, पण उचलून नेऊ नका, चालतील तितकं चालू द्या, त्यानेच त्यांच्या अंगात बळ येतं.

मी बागेकडे तोंड करून ओरडले. बाया आल्या, आजूबाजूच्या बागांतले गडी आले, आणि आबाही आले. मी त्यांना सगळं खरं सांगितलं. नळी माझी, चूक माझी. त्यांनी त्या निपचित पिल्लाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलंही नाही. कमरेचा कोयता काढला आणि बागेत शिरले. वैशाखात आबा केळीचं हिरवं पान कोणाला तोडू देत नाहीत, पान गेलं की घडाला ऊन लागतं. लग्नाच्या जेवणावळीलासुद्धा ते पान देत नाहीत. त्या दिवशी त्यांनी सपासप चार रांगांची पानं उतरवली.

आम्ही दोन ओळी करून उभे राहिलो, अंडी होती तिथपासून पाण्यापर्यंत, डोक्यावर आडवी पानं धरून. बाकीचे नदीतून हंडे भरून वाळूवर ओतत होते. आणि त्या हिरव्या सावलीतून ती चालायला लागली. नाकं पुढे, पाय फटाफटा, एकामागे एक. माझ्या मनात आलं, यांना नदी कुठे आहे हे कोणी सांगितलं? मी एका पिल्लाला हलकेच फिरवून गावाकडे तोंड करून ठेवलं. ते थांबलं, लांबलचक मान वर केली, थोडा वेळ तशीच धरली आणि गर्रकन नदीकडे वळलं. मी मनोमन हात जोडले.

पाण्याशी पोचलं की प्रत्येक पिल्लू क्षणात दिसेनासं व्हायचं. आबा गुडघाभर पाण्यात उभे राहून बघत होते. ते पहिलं, निपचित पडलेलं पिल्लू त्यांनी ओल्या रुमालात धरून आणलं होतं. ते वाचलं नाही. वाळू उकरली तेव्हा नळीच्या तोंडाखालची सात-आठ अंडीही कुजलेली निघाली. तीही माझ्याच पाण्याने गेली.

वनखात्याची मुलगी आली तोवर शेवटचं पिल्लू गेलं होतं. माणसं पांगली. आबांनी ते मेलेलं पिल्लू बांधाशी पुरलं, हात धुतले आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी मान खाली घातली. आता मशीनचं बोलतील असंच वाटलं. बाकीच्या दोन जागांना तरी पावसापर्यंत हात लावू नका, एवढं तरी म्हणायचं मी जुळवत होते.

आबा म्हणाले, "पुढल्या वर्षी ह्या वाळूत नळी दिसली ना, तर नळीसकट तुले तापीत टाकीन."

मी हो म्हणाले. दोनदा म्हणाले. पुढल्या वर्षी, असं ते म्हणाले होते, आणि मी त्या तापल्या वाळूतली नळी गुंडाळायला घेतली.