साडूंचं परवाचं कार्ड

आमच्या साडूंनी आयुष्यात एकही वस्तू जुनी होऊ दिली नाही. म्हणजे ते वस्तू फार जपून वापरतात असं नव्हे. त्यांची स्कूटर गल्लीत शिरली की काचीगुड्यातली कुत्री भुंकायचं विसरून नुसती बघत राहतात. पण काळ मोजायची त्यांची रीतच वेगळी. हैदराबादेत दख्खनी बोलणारा माणूस ‘परसों’ म्हणतो तेव्हा ती गोष्ट दोन दिवसांपूर्वीची असेल, पाच वर्षांपूर्वीची असेल, किंवा तो शाळेत हाफपँट घालत होता तेव्हाचीही असेल. साडूंनी हा परसों उचलला आणि जसाच्या तसा मराठीत आणून बसवला. स्कूटर परवा घेतली. नोकरीतून परवा सुटलो. मी मूळचा साताऱ्याकडचा. नोकरीसाठी इथे आलो, त्यांच्या मेव्हणीशी लग्न केलं आणि मलकपेठेत स्थिरावलो. लग्नानंतर थोड्याच दिवसांत साडू मला फोनवर म्हणाले, “परवा घरात चोर शिरला होता हो.” मी धीर द्यायला धावतपळत काचीगुडा गाठलं. दारात अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, हसू दाबत म्हणाल्या, “भाऊजी, त्या चोराला आता नातवंडं झाली असतील. बसा, चहा टाकते.”

मागच्या काळाबद्दल इतका सैल असलेला हा माणूस पुढच्या काळाबद्दल मात्र भलताच काटेकोर. पाहुण्यांना गाडीवर सोडायचं म्हणजे साडूंच्या अंगात वारं शिरतं. स्टेशन घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, तरी ते सगळ्यांना इतक्या लवकर नेऊन बसवतात की फलाटावर आधीची गाडी अजून उभीच असते. एकदा त्यांनी नांदेडच्या आत्याबाईंना अशाच एका उभ्या गाडीत चढवलं. “डबा बघा किती मोकळा, पाय पसरून जावा,” म्हणाले आणि गाडी हलली तसा रुमालही हलवला. गाडी निघाली होती कर्नूलला. आत्याबाई संध्याकाळी घामाघूम होऊन दारात उभ्या राहिल्या, तर साडू मनापासून आनंदले. “लवकर आलात की!” त्यांच्यावर रागावणं आम्हाला कुणालाच कधी जमलं नाही, आत्याबाईंनाही नाही.

पण खरा लळा त्यांना घरातल्या कॉम्प्युटरचा. अक्कांच्या एका जुन्या इरकली साडीची खोळ त्याला शिवलेली. ती काढण्याआधी साडू हात धुणार, पुसणार, मग कळ दाबणार. यंत्र सुरू व्हायला इतका वेळ घेई की तेवढ्यात ते देवपूजा उरकत. आतली धूळ एकदा काढून घ्या असं कुणी सुचवलं की ते दोन्ही हात आडवे करून उभे राहत. “आत हात नक्को! बाहेरून काय पुसायचं ते पुसा.” मी याची पुष्कळ थट्टा केली. ते यंत्र वस्तुसंग्रहालयाला देऊन टाका, तिथे निदान तिकीट लावतील, असंही म्हणालो. साडू त्यावर हसत आणि खोळ नीट ओढून घेत.

मग अक्कांचे डोळे गेले. म्हणजे तेव्हा जायला लागले होते. साखरेनं डोळ्यांचे पडदे खराब केले. डॉक्टरांनी सुया दिल्या, लेझर केलं आणि शेवटी सांगितलं, जी नजर आहे ती किती टिकेल ते सांगता येत नाही, बघायचं ते बघून घ्या. दवाखान्यातून रिक्षानं परत येताना अक्का एवढंच म्हणाल्या की पोरीचे फोटो एकदा नीट बघायचेत. पोरीचे सगळे फोटो त्या कॉम्प्युटरमध्ये होते आणि त्याचा जुना मॉनिटर पाटीएवढा. दुसऱ्याच दिवशी साडूंनी रिक्षातून एक भला मोठा मॉनिटर आणला, खिडकीएवढा. “डोळ्याचा पडदा गेला तर जाऊ दे, हा पडदा बघ,” असं म्हणून त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि मला फोन केला. वायर काही केल्या बसत नव्हती.

मॉनिटर कॉम्प्युटरला जोडायचा तर मागच्या ग्राफिक्स कार्डाला, म्हणजे पडद्याला चित्र पाठवणाऱ्या भागाला, वायर लागते, एवढं मला ठाऊक. मी विचारलं, “कार्ड कधीचं आहे?”

“परवाच बसवलंय हो. नवंकोरं आहे.”

इतकी वर्षं या माणसाबरोबर काढून मी पुन्हा फसलो. त्या ‘नवंकोरं’ शब्दानं घात केला. नव्या कार्डाला चालणारी उत्तम वायर घेऊन मी गेलो, खोळ उचलून मागे डोकावलो, तर कार्डाला आताच्या वायरीचं एकही भोक नाही. मॉनिटरला सगळी नवी भोकं, कार्डाला सगळी जुनी; दोघांची ओळख व्हायची काही सोयच नव्हती. मी वैतागून म्हणालो, “अहो, हे कुठलं परवाचं?”

साडू खोळीची घडी घालत होते. म्हणाले, “पोरीनं बसवलंय.”

मग माझ्या लक्षात आलं. त्यांची ही एकुलती मुलगी, माझी भाची, कॉलेजात असताना जमिनीवर मांडी घालून तिनं हे यंत्र सुट्या भागांतून जोडलं होतं. कार्ड तिनं सगळ्यात शेवटी बसवलं, कारण ते यायला उशीर झाला होता. त्याच पावसाळ्यात तिला ताप आला आणि हॉस्पिटलातून ती परत आली नाही. या गोष्टीला कितीतरी वर्षं झाली. “परवा होती हो इथंच बसलेली,” साडू म्हणाले आणि फरशीकडे बोट दाखवलं. त्या शब्दावर मी आयुष्यभर हसत आलो होतो. त्या दिवशी हसू आलं नाही, पुढेही कधी आलं नाही.

त्यानंतर साडूंनी कार्ड आणि मॉनिटर यांची सोयरीक जुळवण्याचा ध्यास घेतला. बाजारातून जुन्या भोकाला नवी वायर जोडणारा एक डबा आला. चित्र उमटलं, पण वाफेतून बघावं तसं. दुकानदारानं समजावलं की या पडद्याला जेवढे ठिपके लागतात त्याच्या चौथाईच हे कार्ड पाठवतं, बाकीचे पडदा आपल्या अंदाजानं भरतो. “चचा, इसकू अब आराम देओ. नवा कार्ड डालो, एक मिनट का काम है.”

“अरे मियाँ, परसोंईच डाले इसकू!” साडू म्हणाले. दुकानदार अस्सल हैदराबादी. तो काय समजायचं ते समजला आणि दुसरा डबा काढून दिला.

असे डबे आणि वायरी येत राहिल्या. प्रत्येक वेळी साडू फोटो लावत, अक्कांना खुर्चीत बसवत आणि विचारत, “दिसायलंय का?” अक्का पुढे झुकत, मग सावकाश म्हणत, “दिसायलंय, पण पुसट आहे.” मलाही पुसटच दिसत होतं, त्यामुळे आम्ही दोघं वायरीला दोष देत बसलो. साडू रोज थोडे खचत चालले होते. यंत्राशी ते पूर्वी प्रेमानं बोलत. आता त्याच्याकडे पाठ करून जेवायला बसू लागले.

एका रविवारी त्यांनी मला बोलावलं. टेबलावर नवं कार्ड खोक्यासकट ठेवलेलं. म्हणाले, “पोरीचं कार्ड की पोरीची आई, असं झालंय हो. मी काढतो. तुम्ही फक्त जवळ थांबा.” शेवटचं म्हणून त्यांनी यंत्र थोडा वेळ चालू ठेवलं, मग बंद केलं, झाकण उघडलं, स्क्रू काढला. कार्ड सहज निघेना. साडू त्याला ओढेनात. नुसतं हलवत राहिले, झोपलेल्या लेकराच्या अंगाखालून हात काढावा तसं. निघालं तेव्हा ते कुठे ठेवावं हे त्यांना सुचेना. अक्कांनी आवाजाच्या दिशेनं ओंजळ पुढे केली. कार्ड हातात येताच त्या दचकल्या. म्हणाल्या, “अहो, गरम आहे अजून.” आणि त्यांनी ते पदराखाली घेतलं.

नवं कार्ड बसलं. यंत्र सुरू झालं आणि त्या खिडकीएवढ्या पडद्यावर एक हिरवागार डोंगर उमटला, कॉम्प्युटरबरोबर कंपनीनं दिलेलं एक चित्र. गवताची पातीन् पाती दिसत होती. साडू ओरडलेच, “आलं! साडूभाऊ, आलं! एकदम साफ!” फोटो उघडायला त्यांनी माउसवर हात ठेवला, तोवर अक्का खुर्चीत पुढे सरकल्या होत्या.

“आली गं बाई,” त्या म्हणाल्या. “हौ, आता कशी साफ दिसायलीय. पिवळी ओढणी घेतलीय बघा. केस बांधले नाहीत मेलीनं.”

डोंगरावर कुणी नव्हतं. साडूंनी माझ्याकडे पाहिलं. इतके दिवस आम्ही वायरी बदलत होतो, डबे बदलत होतो, आणि अक्कांची नजर केव्हा विझली ते आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं. मला रडू आलं. ते मी लपवलं नाही. तिथे लपवायचं तरी कुणापासून?

“हौ,” साडू म्हणाले. पडद्याकडे वळून पुन्हा म्हणाले, “हौ. पिवळीच आहे. पुढचा लावू?”

“नका, नका बदलू. राहू द्या हिला जरा वेळ.”

साडूंनी माउसवरचा हात काढून घेतला. आपली खुर्ची ओढून अक्कांच्या खुर्चीला भिडवली आणि त्या रिकाम्या डोंगराकडे बघत त्यांच्या शेजारी बसून राहिले.