भर दुपारी कुटणारी

लग्न होऊन कागद गिरणीच्या चाळीत आले तेव्हा मला वाटलं, आपल्याला आळशांच्या गावात दिलं. खालापूरकडची ही कामगारांची चाळ. समोरासमोर दोन रांगा, मध्ये गटार, आणि भर दुपारी निम्म्या घरांची दारं बंद. माझं माहेर कर्जतच्या बाजारपेठेत. तिथं दुपारी झोपणाऱ्या पुरुषाला एक तर ताप आलेला असायचा, नाही तर त्याचं सासर श्रीमंत असायचं.

आल्याआल्याच मी लोखंडी खलबत्ता घेऊन उंबऱ्याशी बसले आणि सुक्या मिरच्या कुटायला लागले. नव्या सुनेचा हात कसा चालतो ते लोकांना कळावं, हा हेतू. कळलं. पटापट दारं उघडली, बनियनवरचे बाप्ये डोळे चोळत बाहेर आले. समोरची म्हातारी म्हणाली, "कर्जतवाले, तुझा हात लय भारी हाय गं. पन आमचे बाप्ये रातभर गिरणीत व्हते. त्यांना झोपू देतेस, का त्यांनाच कुटतेस?"

सासूबाईंनी बत्ता काढून घेतला आणि समोरच्या कडीला टांगलेलं गोणपाट दाखवलं. ज्या घरचा माणूस रात्रपाळी करून झोपलाय, त्या दारावर गोणपाट. ते दिसलं की भाजीवाली हाक न मारता पुढं जायची, पोरं चेंडू घेऊन लांब जायची, नळावरच्या बायका हातवारे करून भांडायच्या. तसं भांडण तोंडच्या शिव्यांपेक्षा जास्त लागतं, हे मी तिथं शिकले. बाकी काही शिकले नाही. नवरा झोपलेला असताना वाटीला पळी लागू न देता स्वयंपाक करायची आणि मनात म्हणायची, ही गिरणी एकदा बंद पडू दे, भर दुपारी ताशा वाजवीन. ज्या गिरणीच्या पगारावर भात शिजत होता, तिच्याबद्दल! केवढी अक्कल!

गिरणी बंद पडली. मी म्हटलं म्हणून नाही, एवढं माझं वजन कुठंच नव्हतं. मग माणसं एकेक करून चाळ सोडून गेली. आमचे हे गेले, त्यालाही बरीच वर्षं झाली. मुलगा दहिवलीला राहतो, रविवारी येतो. चाळीत जुन्यांपैकी आता मीच. बाकीच्या खोल्यांना कुलपं, नाही तर भाडेकरू. ते मोटरसायकलवरून येतात आणि दार लावून घेतात. टीव्ही मोठा लावून पाहिला, भांडी आपटून पाहिली, कोणी डोकावत नाही. संध्याकाळी देवापुढं दिवा लावताना आवाज घोगरा निघतो, तेव्हा लक्षात येतं, अरे, आज आपण बोललोच नाही.

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या खोलीत एक जोडपं आलं. मधली भिंत एकच. मी फळीवरून खलबत्ता उतरवला आणि रोज दुपारी त्या भिंतीशी बसून कुटायला लागले. कुटायला होतं काय, मूठभर धणे. त्यांचं केव्हाच पीठ व्हायचं, माझं ठण्ण ठण्ण चालूच. कोणी तरी येऊन भांडावं, एवढीच इच्छा. भांडायला येणाऱ्यासाठी चहाचं आधणसुद्धा ठेवायची.

एका दुपारी कडी वाजली. शेजारचीच पोरगी. दाराबाहेर उभी.

"आजी, एक सांगू? रागावू नका."

"रागावते की. आधी आत तर ये."

"नको आजी, गॅसवर दूध आहे. आमचे हे चौक गावच्या गोदामात रात्रपाळीला असतात, सकाळी येऊन झोपतात. तुमचं कुटणं अगदी त्यांच्या उशाशी होतं हो."

इतक्या दिवसांत एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

"काही लागलं तर हाक मारा हां," म्हणाली आणि गेली. तिच्या दाराची कडी लागल्याचा आवाज आला.

आता बत्ता उचलला तर ती परत येईल. या खेपेला जरा चिडेल, म्हणजे जास्त वेळ थांबेल. कदाचित आत येऊन बसेलही. सगळं कळतं. पण भिंतीपलीकडं रात्रभर जागलेला माणूस झोपलाय आणि माझा हात काही उठत नाही.

परवा मुलगा डबे उघडून म्हणाला, "आई, हल्ली काही कुटत नाहीस. हात दुखतो का गं?" आणि तयार मसाल्याची पाकिटं आणून दिली. मी पाकिटांना भरपूर नावं ठेवली, पण कुटत का नाही ते सांगितलं नाही. तो गेल्यावर टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला आणि नुसती माणसांची तोंडं हलताना बघत बसले.