झालरकाकूंचं पडद्यातलं घर

झालरकाकूंच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेलाय आणि तो झाकायलाच त्यांनी घरभर पडदे लावलेत, अशी बातमी आमच्या इमारतीत पसरली होती. तळमजल्यावरच्या इस्त्रीवाल्याने तर म्हणे त्या तड्यात हात घालून पाहिला होता. "कोपरापर्यंत गेला, कोपरापर्यंत!" असं तो सांगायचा, आणि दर वेळी हात आणखी थोडा आत जायचा.

सगळं खोटं. भिंत ठणठणीत होती. पडद्यामागे काय होतं म्हणाल, तर खिडकी. काही ठिकाणी पडद्यामागे आणखी एक पडदा आणि मग खिडकी.

पडदे शिवणं हा काकूंचा धंदा. एकही पडदा झालरीशिवाय घराबाहेर जायचा नाही, म्हणून हे नाव पडलेलं. झोपायच्या खोलीत शिलाई मशीन, पलंगाखाली कापडाचे तागे, काम जास्त असलं की पलंगावरही तागे. मग काका त्यांच्या कडेला आणखी एक तागा होऊन झोपायचे. कोपऱ्यावरचा म्हातारा घड्याळवाला दुकान विकून मुलाकडे राहायला चालला होता. मोठी दर्शनी काच असलेलं ते दुकान काकूंनी मनातल्या मनात कधीच घेऊन टाकलं होतं. काचेत कुठला पडदा टांगायचा तेही ठरलं होतं. त्यासाठी राहतं घर विकायचं आणि लहानशा जागेत जायचं, एवढंच बाकी होतं.

"महिनाअखेरपर्यंत थांबतो," घड्याळवाला म्हणाला. "नंतर तो मोबाइलवाला तयारच आहे."

सरळ मामला होता. पण समोर जाऊबाई होत्या. काकूंची थोरली जाऊ, म्हणजे माझी आई. दोन भावांची दोन घरं एकाच जिन्यावर, दाराला दार लावून, आरशात बघावं तशी. काकांच्या आधी माझ्या वडिलांनी घर विकायला काढलं आणि आम्ही काही दिवस तिथेच राहायच्या बोलीवर पहिलंच गिऱ्हाईक ते घेऊन गेलं.

काकूंनी ते दाराच्या भिंगातून पाहिलं. "हसत बाहेर पडले हो!" त्या काकांना म्हणाल्या. "घर बघून कुणी हसतं का? जादू केली असणार तिने." दिवसभर त्यांना घास गोड लागला नाही.

दुखणं जुनंच होतं. आईने फ्रिज घेतला तेव्हा काकूंनी त्याहून उंच फ्रिज आणला. तो स्वयंपाकघराच्या दारातून आत जाईना, म्हणून कायमचा बाहेरच्या खोलीत उभा राहिला, बसायला न सांगितलेल्या पाहुण्यासारखा.

एजंट आला. दर वाक्याला शेपूट लावायची त्याला सवय. "बाजारात काय चाललंय ते बघून किंमत लावू. असं माझं मत, बाकी मर्जी तुमची."

"बाजार गेला खड्ड्यात. समोरचं केवढ्याला गेलं?"

त्याने सांगितलं.

"मग त्याच्या वर लावा."

"किती वर, मॅडम?"

"तिला कळेल इतकं."

मग काकूंनी घर सजवायला घेतलं. "तिच्याकडे काय होतं? उघड्या बोडक्या खिडक्या! माझं घर बघाल तर नवरी वाटेल." कपाटातलं होतं नव्हतं ते सगळं टांगलं. मखमली, जाळीचे, तीन पदरी झालरीचे. नवरी इतकी सजली की भर दुपारी दिवा लावून तिचं तोंड बघावं लागे. गिऱ्हाईक आत आलं की आधी फ्रिजवर आपटायचं, मग "दिवा कुठंय?" असं विचारायचं.

आणि त्याच्या मागे मागे काकू. "हे कपाट बघा. समोर असं कपाट नव्हतं. समोर ओल होती, पण त्यांनी सांगितलं नसेल. जाऊ दे, माझ्या तोंडून कशाला ऐकता! आम्हाला तशी घाईच आहे हो. महिनाअखेरपर्यंत दुकान घ्यायचंय ना."

घाई ऐकून गिऱ्हाईक भाव पाडायचं. ओल ऐकून आणखी पाडायचं, कारण दोन्ही घरांचा पाइप एकच. तिथे ओल, तर इथे कोरडं कसं? मग ते पडदे उचलून उचलून मागे बघायचं. तड्याची बातमी जन्मली ती इथे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

एका जोडप्याने तरीही बरी किंमत सांगितली. आईच्या घरापेक्षा थोडी कमी.

"तिच्यापेक्षा कमी?" काकू म्हणाल्या. "मी घर विकायला काढलंय, नाक नाही."

जोडपं गेलं, ते गेलंच.

मग एका दुपारी काकू कोपऱ्यावर गेल्या आणि तिथेच खिळल्या. मोबाइलवाला दर्शनी काचेला टेप लावून माप घेत होता. गुणगुणत होता वर!

"माझ्या काचेला!" त्या धापा टाकत घरी आल्या. "माझ्या काचेला टेप लावतो मेला!" समोरच्या दाराकडे त्यांनी त्या दिवशी पाहिलंसुद्धा नाही. थेट एजंटला फोन केला. "काय करू ते सांगा."

"पडदे काढा. फ्रिज हलवा. किंमत खाली आणा. आणि मॅडम, तुम्ही बोलू नका. असं माझं मत." बाकी मर्जी तुमची, हे या वेळी तो म्हणालाच नाही.

"बोलू नका?" काका म्हणाले. "त्यापेक्षा भिंत पाडणं सोपं."

मीही म्हटलं, "काकू, आईचा विषय न काढता तुम्ही घर दाखवूच शकत नाही. लावा पैज."

"लावली. हरलीस तर जिन्यात उभी राहून माझा आवाज काढतेस ना, ते बंद. मी हरले तर नव्या घरातल्या तुझ्या खोलीला मखमली पडदा."

पडदे उतरले. फ्रिज इस्त्रीवाल्याने नेला. त्या निमित्ताने त्याने घरभर तडा शोधला आणि नाराज होऊन गेला. घरात इतका उजेड आला की काकांना भिंतीचा रंग पहिल्यांदाच कळला.

एक नर्स आणि तिची सासू घर बघायला आल्या. काकू गळ्यातल्या टेपचं टोक धरून कोपऱ्यात उभ्या. सासूबाईंनी भिंतीवरून हात फिरवला आणि नेमकं विचारलं, "समोरचं घर हातोहात गेलं म्हणे. त्याच्यात नि ह्याच्यात फरक काय?"

काकूंचे ओठ हलले. नाकावर घाम आला. टेप बोटाभोवती एवढी आवळली की बोट निळं पडलं.

"तुम्हीच बघा," त्या म्हणाल्या.

एजंटच्या हातातल्या किल्ल्या खाली पडल्या. नर्सने खिडकी उघडली, बाहेर बघितलं, सासूकडे बघितलं आणि किंमत सांगितली. आईच्या घरापेक्षा कमी. काकूंनी डोळे मिटले. त्यांना समोर काच दिसली असणार.

"चालेल," त्या म्हणाल्या.

त्या दोघी खाली उतरल्याची खात्री करून काकू सुसाट समोरच्या दारात. "ताई, तुमच्या घरात सकाळचं ऊन येतं म्हणून तुम्हाला जास्त मिळाले! नाहीतर कपाट माझंच चांगलं होतं, पहिल्यापासून!"

आईने सुस्कारा सोडला. "तुझी मजा आहे बाई. काचेचं दुकान! माझं काय, नुसतं घर गेलं."

काकू उंबरा ओलांडून आणखी एक पाऊल आत आल्या. मग म्हणाल्या, "परत म्हणा." त्या रात्री त्या पोटभर जेवल्या.

मी पैज हरले. काकूंचा आवाज काढणं बंद झालं. लिहून काढण्याबद्दल मात्र काही ठरलं नव्हतं.