मधल्या बोटाचा चाप

मी लिहावं असं माझ्याकडे फारसं काही नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. लिहिणं हे मोठ्या माणसांचं काम, असंच आम्ही समजत आलो. चुकलं तर माफ करावं.

साठ सालानंतरची गोष्ट. अब्बा दोह्यात एका वर्कशॉपात फिटर होते. उन्हाळी सुट्टीत मी रत्नागिरीहून मुंबईला आणि तिथून बोटीने त्यांच्याकडे गेलो. एके दिवशी एक म्हातारा अरब शिकारीची रायफल घेऊन आला. तिचा चाप मोडून वाळूत हरवला होता आणि नवा कुठे मिळत नव्हता. थंडीत तो नातवंडांना गाडीत घालून सशांच्या शिकारीला जाई. हे ऐकल्यावर अब्बांना एकच धास्ती लागली: आपण केलेला चाप गाडीच्या धक्क्याने आपोआप सुटून गोळी उडाली तर?

म्हाताऱ्याच्या पुतण्याकडे तशीच रायफल होती. तिच्या चापाचं माप घेऊन मी ड्रॉइंग काढलं, अगदी कॉलेजात शिकवतात तसं. अब्बांनी जुन्या कानशीच्या पोलादातून दोन दिवस खपून चाप घडवला. म्हाताऱ्याने बंदूक हातात घेतली आणि नुसताच हसला. त्याची तर्जनी अर्धीच होती, मोती काढायच्या होडीवर दोरात सापडून तुटलेली. तो मधल्या बोटाने चाप ओढायचा, आणि त्या बोटाला हा चाप नीट बसत नव्हता.

अब्बा माझ्याकडे वळून म्हणाले, "कॉलेजात बोटं मोजायला शिकवत नाहीत काय रे?"

मी मान खाली घातली. ते मात्र खोलीवर जाऊन दुपारच्या चपात्यांच्या कणकेचा गोळा घेऊन आले. तो चापावर थापला आणि म्हाताऱ्याला रिकामी बंदूक खांद्याला लावायला सांगितली. कणकेत बोटाचा ठसा उमटला. त्या ठशावरून दुसरा चाप झाला. मग रिकामीच बंदूक वाळूच्या पोत्यावर कितीदा तरी आपटून पाहिली. चाप सुटला नाही. म्हातारा आभाराचं "शुक्रन" म्हणून बंदूक घेऊन गेला, पण अब्बांचं समाधान होईना. मला बोटीवर सोडताना ते म्हणाले, "येती थंडी सरू दे. मग खरं."

थंडी सरल्यावर पत्र आलं. अब्बांना लिहिता येत नसे, त्यांच्या खोलीतले एक गाववाले लिहून देत. ख्यालीखुशालीनंतर शेवटी एवढंच होतं: म्हातारा ससा देऊन गेला. नातवंडं सगळी बरी आहेत. कणीक मळताना तुझी आठवण येते.