न फोडलेलं दार

किल्लीवाले काका तोंडाने फटकळ, पण कुलपाशी हात फार हळुवार. तीस वर्षांत त्यांनी एकही दार फोडून उघडलं नव्हतं. म्हणूनच गेल्या रविवारी ऐन प्रार्थनेत चौघांनी लाथा घालून त्यांच्या चर्चचं दार मोडलं, तेव्हा काकांना ते दुप्पट लागलं. सगळ्यांत पुढे होता शेजारच्या गल्लीतला छपाईवाला. पाळक म्हणाले, "त्यांच्यासाठी प्रार्थना करा." काका म्हणाले, "करतो. आधी पोलीस चौकीत त्याचं नाव देऊन येतो." आणि दिलंच.

आज तोच छपाईवाला मान खाली घालून काकांच्या दुकानाच्या पायरीवर उभा होता. त्याच्या घरी बाथरूमचं लॅच अडकलं होतं आणि त्याची म्हातारी आई आत घाबरून हाका मारत होती.

"तक्रार मागे घेणार नाही," हत्यारांची पिशवी उचलत काकांनी बजावलं. "चल."

आत अडकलेल्या माणसाला बोलतं ठेवायचं, म्हणजे त्याला धीर राहतो, ही काकांची रीत.

"मावशी, प्रार्थना म्हणा. मोठ्याने."

"कुठली म्हणू?"

"तुमचीच. रोज म्हणता ती."

म्हातारीचा कापरा आवाज हळूहळू स्थिरावला. काकांची तार लॅचमध्ये फिरत राहिली आणि खट्ट झालं. पण काकांनी दार लोटलं नाही. मूठ तशीच धरून ते उभे राहिले.

"उघडलं ना? मग थांबलात कशाला?" छपाईवाला खेकसला.

"आत प्रार्थना चाललीय," काका हळूच म्हणाले. "संपू दे."