साधारण हवामानाचा आठवडा

नेरूळला आम्ही राहायला आलो तेव्हा तिथली झाडं म्हणजे पिंजऱ्यात उभ्या केलेल्या काड्या होत्या. वसंत आल्याचं आम्हाला धुळीवरून कळायचं. दिवसा खाणीची धूळ, आणि संध्याकाळी वारा फिरला की कारखान्यांच्या पट्ट्यावरून येणारा कुजकट वास. माझ्या नवऱ्याची नोकरी त्याच पट्ट्यातली. दमाही त्याने तिथूनच आणला. होळीनंतरचे दोन महिने त्याचा श्वास शिट्टीसारखा वाजायचा, आणि दीड खोलीच्या घरात तो ऐकू येणार नाही अशी जागा नव्हती.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, वर्षातून आठ-पंधरा दिवस याला डोंगरावरच्या हवेत न्या. महाबळेश्वर चालेल. पण पावसाळ्यात तिथलं धुकं याला मानवणार नाही आणि हिवाळ्यातली थंडी सोसणार नाही. म्हणजे उरला वसंत. तिथल्या हॉटेलात राहणं आम्हाला झेपण्यासारखं नव्हतं, पण मी बेलापूरच्या ज्या कार्यालयात टंकलेखक होते, त्याचं महाबळेश्वरला एक हॉलिडे होम होतं. कर्मचाऱ्यांच्या कल्याणासाठी, असं दारावरच्या पाटीवर लिहिलेलं होतं. ती पाटी कर्मचारी सहसा जुलैत वाचायचे, छत्रीखालून.

याचं कारण आमचे साहेब. हवामानाच्या बाबतीत ते फार गंभीर होते. त्यांच्या केबिनमध्ये हवेचा दाब दाखवणारं एक पितळी यंत्र टांगलेलं होतं. मी नोकरीला लागल्यापासून त्याचा काटा एकाच जागी होता. साहेब रोज सकाळी त्याच्या काचेवर टिचकी मारत, काट्याकडे बघत आणि मान डोलावत.

हॉलिडे होमचं वाटप ते हवामान पाहून करत. तिथला रखवालदार दर आठवड्याला एक पोस्टकार्ड पाठवायचा. त्यावरून मी गोषवारा टाइप करायचे: डावीकडे सद्यस्थिती, उजवीकडे पुढचा अंदाज आणि खाली शेरा. शेऱ्यासाठी साहेबांनी चार शब्द ठरवून दिले होते. आल्हाददायक, समाधानकारक, साधारण आणि प्रतिकूल. आल्हाददायक आठवडा साहेब लोकांचा, समाधानकारक त्यांच्या खालच्यांचा, साधारण आम्हा कारकुनांचा, आणि प्रतिकूल शिपायांचा. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती. पोस्टकार्ड फायलीला लागत नसे, कारण ते शिसपेन्सिलीने लिहिलेलं असे आणि त्यात अधूनमधून म्हशीची हकिकत असे.

तीन वर्षं मी डॉक्टरांचा दाखला जोडून अर्ज केला. तीन वर्षं वसंत आल्हाददायक निघाला.

चौथ्या वर्षी, मार्चच्या शेवटी, कार्ड आलं. ते माझ्याकडे अजून आहे. ‘वारा पडलाय. सकाळी शाल पुरती. अंजनी फुललीया, सगळं रान जांभळं दिसतंय. पुढं पंधरा दिस आभाळ आसंच ऱ्हाईल. म्हस व्याली.’

मी दाराला आतून कडी घातली नाही की इकडेतिकडे पाहिलं नाही. नेहमीसारखा कागद चढवला आणि खोटं टाइप केलं. ‘साधारण’ एवढा एक शब्द पुरला असता. पण आदल्या वर्षी एका अधिकाऱ्याने साधारण आठवडाही घेतला होता, म्हणून मी जरा रंग भरला. सकाळी बोचरा वारा, दुपारी वणव्याचा धूर, अवकाळी पावसाची शक्यता. वणव्याचा धूर हे वाक्य मला टाइप करतानाच आवडलं होतं.

घरी आल्यावर नवऱ्याला म्हटलं, या वेळी मिळेल. त्याने माळ्यावरून ट्रंक काढली, स्वेटर गच्चीत वाळत टाकला आणि धुळीत टाकल्याबद्दल माझी बोलणी खाल्ली.

वाटपाच्या बैठकीत साहेबांनी गोषवारा मोठ्याने वाचला. अपेक्षेप्रमाणे एकाही अधिकाऱ्याला तो आठवडा नको होता. मग माझा अर्ज वर आला. साहेबांनी चष्मा काढला.

“बाई, तुमच्या मिस्टरांना दमा आहे. धुराच्या हवेत त्यांना पाठवलं तर पाप मला लागेल.”

सगळ्यांनी माना हलवल्या. एवढ्या आपुलकीने त्या कार्यालयात माझ्याशी कुणी बोललेलं नव्हतं. खरं सांगितलं असतं तर नोकरी गेली असती, आणि दम्यामुळे नवऱ्याची सुटल्यापासून घर माझ्याच पगारावर चाललं होतं. मी म्हटलं, “थँक्यू, सर.” आठवडा शिपायाला मिळाला. बेलापूर गावातलाच माणूस, त्याची भातशेती या शहराखाली गेलेली. त्याने तो आठवडा मागितलेलासुद्धा नव्हता.

परत आला तो स्ट्रॉबेरीचा खोका घेऊन. “बाय, पावसाचा थेंब नाय परला,” तो म्हणाला. “धूर तं बिडीचाच काय तो. तुमच्या मिस्टरांना न्यायला पायजे व्हतं.” साहेबांनी ते ऐकलं आणि पितळी काचेवर टिचकी मारून म्हणाले की अंदाज शेवटी अंदाजच असतो.

स्ट्रॉबेरी मी घरी नेल्या. नवरा पलंगावर उशांना टेकून बसला होता. आडवं झालं की त्याला श्वास पुरत नसे. त्याने दोन खाल्ल्या. आंबट आहेत म्हणाला, मग विचारलं, “हवा कशी होती म्हणे तिकडे?”

“साधारण,” मी म्हटलं.

“मग बरं झालं.” ट्रंक त्याने माळ्यावर परत ठेवली नाही. त्याला ती वर चढवणं झेपत नव्हतं, आणि मी हात लावला नाही.

तो त्याच वर्षी दिवाळीआधी गेला.

पुढच्या मार्चमध्ये पहिलं कार्ड आलं. सकाळी शाल पुरती, अंजनी फुललीया. मी ते बघून शब्द न् शब्द टाइप केला, म्हशीसकट, आणि खाली शेरा लिहिला: आल्हाददायक. साहेब म्हशीवर लाल रेघ मारून सहकुटुंब गेले. परत आल्यावर मला मुद्दाम केबिनमध्ये बोलावून म्हणाले, “बाई, या खेपेला तुमचा अंदाज अगदी बरोबर निघाला.”